भरल्या घरातील रितेपण

'मन लागत नाही' हे तीन शब्द आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून अलीकडे पुष्कळ ऐकू येतात. आजारी माणूस ते सहसा म्हणत नाही. त्याला औषधाची वेळ सांभाळावयाची असते. कर्जात बुडालेला म्हणत नाही. हप्त्याच्या तारखेने त्याचे मन चांगलेच गुंतवून ठेवलेले असते. हे शब्द बहुधा त्यांच्या तोंडून येतात ज्यांचे मागणे पुरे झाले आहे. मुलगा नोकरीस लागला, मुलगी चांगल्या घरी पडली, स्वतःचे छप्पर झाले, दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लागली, फादरांनी येऊन घराला आशीर्वाद दिला, आणि पाहुणे गेल्यावर, भांडी विसळून पालथी घातल्यावर घरधनी पायरीवर येऊन बसतो व म्हणतो, "सगळे झाले हो, पण मन लागत नाही."

हे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पापामुळे अंतःकरण रिते होते असे आपण प्रवचनांतून ऐकतो व ते खरेही आहे. परंतु ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहोत ती माणसे रविवारची मिस्सा चुकवीत नाहीत, त्यांच्या घरी संध्याकाळी जपमाळ होते, प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मांस शिजत नाही. त्यांच्या हातून कोणतेही घोर पातक घडलेले नाही. इतकेच झाले आहे की, आयुष्यात काय हवे ते त्यांनी स्वतः ठरविले आणि ते पुरविण्याचे काम देवाकडे सोपविले. देवाला काय हवे आहे, हा प्रश्न यादीत कधी आलाच नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण सांगतो तेव्हा सारे लक्ष धाकट्याकडे असते. आम्हास मात्र वय वाढत चालले तसा थोरला अधिक ओळखीचा वाटू लागला आहे. तो घर सोडून गेला नाही, बापाचा शब्द मोडला नाही, शेतात राबला. तरी भावाच्या मेजवानीचा आवाज कानी पडताच त्याच्या पोटातले बाहेर आले: आपल्या मित्रांबरोबर चैन करावयास एक करडूही आपणास कधी मिळाले नाही! इतकी वर्षे बापाच्या शेतात राबताना डोळा करडावर होता. बापाची इच्छा त्याने हातांनी पाळली. मनात आपलीच जपून ठेविली. धाकट्याचे रितेपण डुकरांच्या कळपात उघड्यावर पडले, म्हणून त्याला घराची वाट आठवली. थोरल्याचे भरल्या घरात होते, त्यामुळे बापाला अंगणात येऊन त्याची समजूत घालावी लागली.

आम्ही उभयतांनी साताऱ्यात बावीस वर्षे शिक्षकी केली आणि निवृत्तीनंतर सांगलीस येऊन राहिलो. दोन्ही जिल्हे कृष्णेच्या दोरीने बांधलेले आहेत. महाबळेश्वरी उगम पावलेल्या त्या नदीस साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा. साताऱ्याच्या डोंगरात पाऊस कोसळू लागला की सांगलीकर आयर्विन पुलावरची पाण्याची खूण पाहण्यास जातात. नदीकडच्या भागात आम्ही जे लहानसे घर बांधले त्यासाठी किती नव्हेना झाल्या याचा हिशेब आमच्यापाशी नाही. घर झाले. आणि दोन-तीन वर्षांतच त्या घरात तेच तीन शब्द आम्ही एकमेकांस म्हणू लागलो. कशाची वाण नव्हती. बागेतला मोगरा बहरत होता, निवृत्तिवेतन वेळेवर येत होते, मुलीचा दर रविवारी फोन येत होता. तरी संध्याकाळचे सहा ते आठ हे दोन तास सरता सरत नसत.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. धोक्याची पातळी ४५ फूट. पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमचा तळमजला बुडाला. एका शाळेच्या इमारतीत शेकडो माणसांबरोबर आठ दिवस काढावे लागले. आमच्यापैकी एकाकडे आलेल्या-गेलेल्यांची नावे वहीत लिहिण्याचे काम आले, दुसऱ्याकडे कांदे चिरण्याचे. शेजारी पथारी पसरलेल्या हळद-व्यापाऱ्याची आई रात्री घाबरून उठे. तिला पाणी देणे हेही ओघाने आमच्याकडे आले. त्या आठ दिवसांत 'मन लागत नाही' असे आम्ही कोणाच्या तोंडून ऐकले नाही, आणि आमच्याही तोंडी ते आले नाही. घरी परतलो तेव्हा भिंतींना छातीइतका चिखल होता व कपाटातील पुस्तकांचा लगदा झाला होता. तरीसुद्धा मन शांत होते. पुढे भिंतींना रंग लागला, नवे कपाट आले, पडदे टांगले गेले. आणि पडदे टांगल्यानंतरच्या आठवड्यात ते जुने पाहुणे पुन्हा येऊन बसले!

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. महापूर ही देवाची इच्छा होती, असे म्हणणारे पुष्कळ जण त्या शाळेत भेटले. आम्हास ते मुळीच मान्य नाही. धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे, नदीच्या पूररेषेत घरे कोणी बांधू द्यावी, हे माणसांचे व्यवहार आहेत. ते देवाच्या माथी मारणे म्हणजे त्याची इच्छा जाणणे नव्हे. जे जे घडते ते ते देवाला हवेच असते असे मानणारा माणूस, देवाला काय हवे आहे हे शोधण्याच्या श्रमातून स्वतःची सुटका करून घेत असतो. देवाची इच्छा पुराच्या पाण्यात नव्हती. ती कांदे चिरण्यात असावी, असे आम्हास वाटते.

सांगलीच्या उशास असलेल्या हरिपुरात हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहते. २००५ च्या पुराने त्यांतील कितीतरी निकामी केली. जाणता माणूस पेव उघडल्याबरोबर आत उतरत नाही. आधी तोंड मोकळे करून ठेवतात, मग दिवा आत सोडून पाहतात. दिवा विझला तर आतली हवा प्राणघातक आहे असे समजावयाचे. रिकामे दिसणारे पेव रिकामे नसते. तेथे कोंडलेली हवा असते. मनाच्या रितेपणाचे असेच आहे. ते नुसते शून्य असते तर कोणी घाबरले नसते. पुरविलेल्या आणि पुरवून संपलेल्या इच्छांचा श्वास त्यात कोंडलेला असतो. म्हणून तेथे तडक उडी घेण्यापेक्षा आधी दिवा सोडून पाहणे बरे.

असा दिवा सोडण्याची रीत ज्या संताने आपल्या ख्रिस्तसभेस शिकविली तो मुळात सैनिक होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. घरी अंथरुणास खिळले असता त्यांनी शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या; वाड्यात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. दिवसाचे तासन्‌तास ते कधी एका थोर कुळातील स्त्रीची मर्जी संपादण्याची स्वप्ने पाहत, तर कधी संतांप्रमाणे अनवाणी यरुशलेमेस जाण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना गोड लागत. परंतु पहिले संपले की मन कोरडे व उदास होई; दुसरे संपल्यावरही प्रसन्नता उरे. हा फरक एके दिवशी त्यांच्या ध्यानी आला, आणि त्यांच्या पुढल्या साऱ्या साधनेचा पाया तेथे घातला गेला. इच्छा करूच नये, असे त्यांनी सांगितले नाही. कोणती इच्छा मागे काय ठेवून जाते ते पाहा, एवढेच सांगितले. गूळ की साखर हे खाताना कळत नसेल तर खाल्ल्यानंतर जिभेवर काय राहते ते पाहावे, तसे.

ही कसोटी आपल्या मराठी मुलखातील एका माणसास लावून पाहण्याचा मोह आम्हास कित्येक वर्षे होत आहे. साताऱ्यात असताना अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याने फिरावयास जाताना त्यांचा विषय आमच्यात हटकून निघे. ते आपल्या पंथाचे नव्हते, अमेरिकन मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत होते. तथापि मराठीत ख्रिस्तभजन गाणाऱ्या कोणासही ते परके नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपल्या आयुष्याची शेवटची दोन वर्षे साताऱ्यास वाहिली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई गेल्यावर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले व नाशिकास येऊन संस्कृत विद्या केली. स्वभाव मनस्वी. एका गावी बस्तान बसू लागले की यांचे पाय दुसऱ्या गावास लागत. नोकरी धरावी आणि सोडावी, घरात आले ते कोणासही देऊन टाकावे. धर्माची तहान मात्र खरी होती. प्रचलित धर्ममतांपैकी एकही पुरते पटेना, तेव्हा आपणच एक नवा धर्म स्थापावा असा त्यांचा विचार झाला. १८९३ साली नागपूरकडून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

चरित्रे बहुधा येथे सुटकेचा श्वास घेतात: स्वेच्छा संपली, ईश्वरेच्छा सुरू झाली! आमच्या मते खरी ओढाताण येथून पुढे आहे. कारण पुढली बावीस वर्षे टिळकांनी जे केले ते सारे चांगलेच होते. अहमदनगरास धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविले, 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळला, भजने व अभंग रचले, 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. ख्रिस्ती समाजात मान होता व समाजाबाहेरच्या मराठी रसिकांतही कवी म्हणून नाव होते. हे जर भरलेले घर नव्हे, तर भरलेले घर कशाला म्हणावयाचे? आणि तरीही १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास आले. ख्रिस्त आपल्या देशबांधवांच्या दारी परक्यांचा पगारी निरोप म्हणून पोहोचतो आणि त्या निरोप्यांत आपण एक आहोत, ही सल त्यांना स्वस्थ बसू देईना. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' भरविण्याचे ठरविले: ख्रिस्तास गुरू मानणाऱ्यांचा एक बंधुसंघ, ज्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले एकत्र बसतील. ही शेवटली गोष्ट कॅथलिक वाचकास खटकेल, आम्हासही खटकते. बाप्तिस्म्याचा उंबरठा इतका सहज ओलांडता येत नाही. पण तो वाद येथे घालावयाचा नाही.

आम्हास जे विचारावयाचे आहे ते निराळे. १८९३ च्या आधी मनात असलेला 'नवा धर्म' आणि १९१७ चा 'दरबार', या दोहोंत फरक काय? दोन्ही त्यांच्याच डोक्यातून निघाले. दोन्हीत चालू व्यवस्थेबाहेर पडून काही नवे उभारण्याची हौस होती. संशयी माणूस म्हणेल की जुनीच इच्छा चोवीस वर्षांनी भगवे नेसून परत आली. हा संशय हसण्यावारी नेऊ नये. धर्मकार्यात मुरलेल्या माणसाचा 'मी' फार शहाणा असतो. तो आपल्या नावाची पाटी काढून तेथे देवाच्या नावाची लावतो व दुकान तेच चालवितो.

तरी फरक आहे, असे आम्ही साताऱ्याच्या त्या फेरफटक्यांत हळूहळू मानू लागलो. पहिल्या बेतात टिळक स्वतः संस्थापक होते. दुसऱ्यात गुरूची जागा आधीच भरलेली होती आणि त्यांनी आपल्यासाठी पायाशी बैठक मागितली. पहिला बेत त्यांना काही मिळवून देणार होता. दुसऱ्यासाठी हातचा पगार गेला आणि मिशनच्या आश्रयाने लाभलेले स्थैर्यही गेले. आणि मागे काय उरले? ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. संस्थेच्या मोजमापाने पाहिले तर साताऱ्याची दोन वर्षे वाया गेली म्हणावे लागेल. पण इग्नेशियसच्या कसोटीत संस्था मोजीत नाहीत. या कवीच्या अखेरच्या काळाविषयी जे वाचावयास मिळते त्यात देहाचा थकवा आहे, कोरडेपणा नाही. बावीस वर्षांच्या मानाच्या जागी जे नव्हते ते त्या अपुऱ्या राहिलेल्या दरबारात त्यांना लाभले असावे.

हा सारा मजकूर आम्ही येथे संपविला असता तर लक्ष्मीबाईंवर अन्याय झाला असता. नवऱ्याला ईश्वरेच्छा उमगली की तिची किंमत घरात कोण मोजते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचावीत. १९३४ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठीत त्यांच्या तोडीचे आत्मचरित्र विरळा. टिळकांच्या बाप्तिस्म्याने या सनातनी घरातील स्त्रीवर आकाश कोसळले. पती जिवंत असून नाही अशा स्थितीत तिने वर्षे काढली. पुढे ती त्यांच्याकडे परतली ती पत्नी म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे. स्वतंत्र चूल, स्वतंत्र सोवळे. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, हे तिला तिच्या वेळेस व तिच्या वाटेने उमगले. मग तिने सोवळे सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे टिळकांचा विद्वत्ताप्रचुर युक्तिवाद तिच्या कामी आला नाही. देवाची इच्छा एकाच्या कानात सांगितली गेली म्हणजे दुसऱ्याने ती शिरसावंद्य मानलीच पाहिजे असे नाही. देव दुसऱ्याच्याही कानाशी येतो, त्याला त्याचा वेळ लागतो.

सातारा जिल्ह्यास अशी आणखी एक लक्ष्मीबाई ठाऊक आहे. टिळक गेले त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही विकावयास काढून दिले. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण आपली इच्छा बाजूस ठेवणे म्हणजे काय, हे साताऱ्याच्या शाळांतून शिकविताना आम्हास त्यांच्याइतके नेमके उदाहरण कधी सापडले नाही. मुलांना ते चटकन कळे. मुली थोडा वेळ गप्प बसत.

परंतु दुसऱ्याचे मंगळसूत्र आपल्या ध्येयासाठी मागणे निराळे आणि तिने ते आपण होऊन देणे निराळे. आपल्या धर्मग्रामांतून हा फरक पुष्कळदा पुसला जातो. साताऱ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी थोरला मुलगा आजारातून उठला तेव्हा आईने त्याला धर्मगुरुपदास वाहण्याचा नवस केला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्या दिवसापासून घरात त्याच्याविषयी 'देवाचा माणूस' म्हणून बोलले जाऊ लागले. दहावीनंतर तो सेमिनरीत गेला, चार वर्षे राहिला, आणि एका मे महिन्यात ट्रंक घेऊन परत आला. आई त्याच्याशी कित्येक महिने धड बोलली नाही. देवाला दिलेला शब्द मोडला गेला असे ती आमच्याकडे येऊन रडत सांगे. शब्द तिने दिला होता. पाळावयाचा त्याने होता. त्या मुलाची अवस्था आम्ही जवळून पाहिली. त्याला रिते वाटे, पण देवाला नाकारल्याचे ते रितेपण नव्हते; चार वर्षे तो आईच्या इच्छेला देवाची इच्छा समजून जगला होता आणि त्या दोहोंच्या मधल्या सांध्यातून त्याची प्रार्थना गळून जात होती. पुढे त्याने परिचर्येचे शिक्षण घेतले. आज तो मिरजेत रात्रपाळीस आजाऱ्यांची उशापायथ्याशी सेवा करतो. आई आता थकली आहे. गेल्या नाताळात ती आमच्यापाशी म्हणाली, "त्याला माझ्या नवसाने नेले नाही, पण कोणी तरी नेलेच की." आम्ही त्यावर काही बोललो नाही.

आणखी एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण हे तिन्ही गाव ज्या पुणे धर्मप्रांतात येतात त्याचे ते महागुरुस्वामी होते. येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग जर्मनीहून आले, मराठी शिकले, आणि १९०३ साली त्यांनी 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. मग पहिले महायुद्ध आले. जर्मन मिशनऱ्यांना इंग्रजी अमलाखालील हा मुलूख सोडावा लागला व महागुरुस्वामींनाही आपल्या मेंढरांपासून दूर राहावे लागले. १९२१ साली त्यांची नेमणूक झाली ती हिरोशिमास! मराठीत मुरलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसास जपानात पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ. ते गेले. १९२७ मध्ये त्यांना पुन्हा पुण्यास पाठविण्यात आले आणि १९४८ पर्यंत त्यांनी हा धर्मप्रांत सांभाळला. ज्या वर्षी टिळक स्वतःच्या पायांनी साताऱ्यास आले, त्या वर्षी साताऱ्याचे बिशप स्वतःच्या धर्मप्रांतात राहू शकत नव्हते. एकाने जागा निवडली. दुसऱ्याला निवडच नव्हती. पाठविले तेथे जाणे सोपे असते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ज्याला आज्ञा होते त्याला निदान 'ही माझीच हौस तर नव्हे?' या प्रश्नाने रात्री जागावे लागत नाही. आपणा संसारी माणसांस बिशप नेमणुकीचे पत्र पाठवीत नाहीत. आपल्याला टिळकांचाच मार्ग: निवडावयाचे, आणि निवडताना स्वतःवर संशय घ्यावयाचा.

मग मागूच नये काय? असे कोणास वाटले तर तो आमच्या लिहिण्याचा दोष समजावा. गेथशेमाने बागेत प्रभूने मागितले. प्याला टळावा, अशी आपली इच्छा त्याने पित्यापाशी लपविली नाही. ती पुरती बोलून झाल्यावर मग पित्याची इच्छा वर ठेवली. हा क्रम महत्त्वाचा आहे. मनातली इच्छा गिळून टाकून वरवर 'तुझी मर्जी' म्हणणारा माणूस थोरल्या पुत्रासारखा करडाचा हिशेब आत ठेवतो. नासरेथच्या मरियेनेही होकाराआधी देवदूतास एक प्रश्न विचारला. आपल्या घरांतून प्रश्न विचारण्यास फारसा वाव नसतो, ही आमची जुनी तक्रार आहे. नव्हेनेचे नऊ दिवस आपणच बोलत असतो. दहाव्या दिवशी थोडे ऐकावयास बसावे, तर पेढे वाटण्याची घाई असते.

संध्याकाळच्या त्या दोन तासांचे आम्ही पुढे काय केले, असे कोणी विचारील. विशेष काही नाही. पुरानंतर ज्या शेजारीणबाईंची दृष्टी अधू झाली त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास आमच्यापैकी एक जण जातो. त्या ख्रिस्ती नाहीत, अग्रलेख आवडीने ऐकतात व मध्येमध्ये भांडतात. दुसऱ्याकडे गल्लीतील तीन मुले गणितास बसतात. हे करण्याची इच्छा आम्हास मुळात नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आजही कित्येकदा नसते. परत येताना मात्र जिभेवर काय राहते ते पाहण्याची सवय लागली आहे.

सध्या आमच्यापुढे एक प्रश्न पडून आहे. २०२१ सालीही पाणी आमच्या गल्लीत आले, आणि तेव्हापासून मुलगी म्हणते की घर विकावे व तिच्याजवळ पुण्यास येऊन राहावे. आमच्यापैकी एकास जावेसे वाटते. दुसऱ्याचा पाय सांगलीतून निघत नाही. कोणास काय वाटते ते येथे लिहीत नाही. पास्काच्या सणापासून दोघेही यावर प्रार्थना करीत आहोत, आणि अद्याप दोघांपैकी कोणीही 'देवाची इच्छा अशी आहे' असे दुसऱ्यास सांगितलेले नाही. पावसाळ्याआधी काही तरी ठरवावे लागेल. तोवर तळमजल्यावरची पुस्तके रोज थोडी थोडी माडीवर नेऊन ठेवीत आहोत.